मधल्या पानाचं दुकान

गिऱ्हाइकाने पुस्तकाचं पहिलं पान उघडलं की त्याच्या हातावर चापट मारणारा दुकानदार मी आयुष्यात एकच बघितला. चापट जोरात नसायची. पण "आँ आँ, तितं न्हाय!" म्हणत आबा पुस्तक काढून घ्यायचे, अंगठ्याने बरोबर मधोमध उघडायचे आणि पुन्हा समोर धरायचे. "हितनं वाचा. वरचा थर काय, सगळेच चांगला लावत्यात."

कळसला रस्त्याच्या कडेला आमचे सहा गाळे ओळीने होते. एकात चहा, एकात सलून, एकात मोबाईल दुरुस्ती, चौथ्यात माझं खता-औषधांचं दुकान. पाचवा गाळा वर्षभर रिकामा होता आणि माझा त्याच्यावर डोळा होता. माझ्या दुकानात पोती, ठिबकच्या नळ्या आणि खोकी इतकी झाली होती की गिऱ्हाइकाला अंग चोरून आत यावं लागायचं. गाळ्यांचे मालक बारामतीला राहायचे. त्यांच्याशी आज बोलू, उद्या बोलू करता करता मी राहिलो, आणि एका सकाळी पाचव्या गाळ्यापुढं टेम्पो लागला. टेम्पोतून डाळिंबाचे निळे क्रेट उतरायला लागले. मला वाटलं, फळांचा व्यापारी आला. म्हटलं, चला, माशा आल्या. क्रेटमधून पुस्तकं निघाली.

मी चहावाल्याकडे बघितलं, चहावाल्याने माझ्याकडे बघितलं.

आबा म्हणजे साठी ओलांडलेला, काटकुळा, बाराही महिने गळ्यात मफलर अडकवलेला माणूस. इंदापूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर त्यांनी तीस वर्षं डाळिंबाची प्रतवारी केलेली. नंबर एक इकडं, नंबर दोन तिकडं, डागी माल बाजूला. इतकी वर्षं फळं फोडून दाखवल्यामुळं त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळपट झालं होतं. व्यापाऱ्याला माल दाखवायचा तर क्रेटच्या वरचं फळ कधी फोडायचं नाही, हात खाली घालून मधलं काढायचं, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. त्यांनी पुस्तकांचंही तेच केलं.

दुकानाच्या उद्घाटनाला नारळ फुटला नाही. त्यांच्या वस्तीतले एक म्हातारे उपासक आले होते. मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांनी मिळून त्रिसरण-पंचशील म्हटलं, आणि मग आबांनी एक पुस्तक मधेच उघडून एक पान मोठ्याने वाचून दाखवलं. पान अर्ध्या वाक्यावर संपलं, तसं त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं. सलूनवाला कुजबुजला, "आरं, पर फुडं काय झालं?" आबांनी ते ऐकलं आणि असे हसले की जणू पहिलं गिऱ्हाईक आलंच. खरं म्हणजे आलंच होतं. सलूनवाला ते पुस्तक घेऊन गेला आणि चार दिवस त्याच्या दुकानात लोक अर्धी दाढी करून बसलेले असायचे.

पुस्तकांचं हे खूळ कुठून आलं, असं मी त्यांना एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी खिशातून एक पिवळा पडलेला कागद काढला. कुठल्यातरी जुन्या गोष्टीच्या पुस्तकाचं एक फाटकं पान.

"शेजारी," ते म्हणाले. मला ते कायम शेजारीच म्हणायचे. "डाळिंब क्रेटात लावायच्या आदी खाली रद्दी घालत्यात. ती रद्दी म्या तीस वर्सं वाचली. जेवायच्या सुट्टीत, टेम्पोची वाट बघताना. पर रद्दीत कुटलं पयलं पान घावतंय? शेवटचं बी न्हाय. सगळं मधलंच. ह्यात बघा, एक बाई हाय, हातात पत्र घिऊन यष्टीतनं उतारती. संपलं पान. आता ते पत्र तिनं कुनाला दिलं, दिलं का न्हाय, म्या अठरा वर्सं इचार करतोय."

"मग ते पुस्तक मिळालं का?"

"न्हाय. पर हुडकताना बाकीची घावली की."

मी मनात म्हटलं, हे दुकान अकरा महिने काढत नाही. भाड्याचा करार अकरा महिन्यांचाच असतो. मी शांतपणे वाट बघायची ठरवलं.

आबांचं विकणं म्हणजे निम्मं न विकणंच होतं. डाळिंब घेणाऱ्याला विचारतात ना, आज खायचंय का चार दिवसांनी, तसं ते पुस्तक घेणाऱ्याला विचारायचे, "लगीच वाचनार का ठिवनार?" ठेवणार म्हणालं की संपलं. वालचंदनगरच्या क्वार्टरमधून एक साहेब गाडी घेऊन आले होते. नव्या घराच्या शोकेससाठी एकसारख्या बांधणीची जाड पुस्तकं हवी होती, रंग शक्यतो तांबडा. आबांनी ऐकून घेतलं आणि नम्रपणे म्हणाले, "सायेब, शोकेसमधी डाळिंबं ठिवा. रंग तांबडाच हाय. आन पंदरा दिसात काय हुतंय ते तुमचं तुमालाच कळंल." साहेब तणतणत गेले. गंमत म्हणजे पुढच्या आठवड्यात त्यांची बायको आली, एकटी, आणि तीन पुस्तकं घेऊन गेली. वाचायला.

माल परत घेण्याचा नियम मात्र या सगळ्यावर कडी करणारा होता. फळ आतून खराब निघालं तर आडतीवर परत घेतात, म्हणून आबांनी फळीवर खडूने लिहिलं होतं, 'खराब निघाल्यास परत'. मी म्हटलं, "आबा, लोक फुकट वाचून परत आणतील." ते म्हणाले, "आनू द्या. पर कुटं खराब हाय ते दावाय लागंल."

पहिला माल परत आणला पिंपळीच्या एका बागायतदाराने. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. मोटारसायकल लावून तात्या तरातरा आत आले आणि पुस्तक टेबलावर आपटलं.

"आबा, माल खराब हाय तुमचा."

"कुटं?"

"पान एकशे अठरा. वाचा. मोठ्यानं वाचा."

आबांनी वाचलं. नायक आणि नायिका भर दुपारी डाळिंबाच्या झाडाच्या दाट सावलीत, बुंध्याला पाठ टेकून बसले होते. तिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं.

"पाट टेकली!" तात्या ओरडले. "आवो, माजी तीन येकर डाळिंब हाय. छाटणीला गेलं तर सदऱ्याच्या चिंध्या हुत्यात. ह्याच्या डाळिंबाचं काटं कुटं गेलं? आन दाट सावली? त्या झुडपाखाली शेळी मावत न्हाय, ही दोगं मावली?"

एव्हाना चहावाला, सलूनवाला, अर्ध्या दाढीचा एक माणूस आणि मी असे सगळे जमलो होतो. आम्ही हसून हसून बेजार झालो. आबा हसले नाहीत. त्यांनी पुस्तक हातात फिरवलं, मागचं-पुढचं वाचलं आणि मान डोलावली. "डाग हाय," ते म्हणाले. तात्यांना त्यांनी बदली पुस्तक दिलं. मग एका कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलं: 'पान ११८. डाळिंबाला काटे नाहीत. बाकी माल चांगला.' ती चिठ्ठी पुस्तकात घालून त्यांनी पुस्तक पुन्हा मांडून ठेवलं.

त्या पुस्तकावर उड्या पडल्या. प्रत्येकाला पान एकशे अठरा बघायचं होतं. बघता बघता मागचं वाचायचे, पुढचं वाचायचे, आणि परत आणताना आपापली चिठ्ठी आणायचे. क्वार्टरमधल्या त्या साहेबांच्या बायकोने लिहून आणलं, 'पान ४० वर सून तीन महिन्यांची गरोदर आहे, पान ५२ वर बारसं. मधे एकच पाऊस पडतो.' दर वेळी आबा ते पान काढून तपासायचे, मग खाली आपल्या हाताने लिहायचे, 'बाकी माल चांगला.' थोड्याच महिन्यांत दुकानात चिठ्ठी नसलेलं पुस्तक कुणी हातात घेईना. बिनडागाचा माल म्हणजे कुणी वाचलेलाच नाही, असं लोकांचं मत झालं. भाजीचा टेम्पो रिकामा करून परतणारे लोक आमच्या ओट्यावर बसून पुस्तकातल्या बायकांची बाजू घेऊन भांडताना मी बघितले. माझ्याकडे औषध घ्यायला आलेला माणूस औषध विसरून तिकडे जाऊन बसायचा. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू.

पण 'बाकी माल चांगला' हे वाक्य आबा फुकट लिहायचे नाहीत. एकदा कुणीतरी एक पुस्तक परत आणलं. आबांनी ते घरी नेऊन अखंड वाचलं, चिठ्ठीवर सात डाग लिहिले आणि पेन्सिल खाली ठेवली. मी म्हटलं, "शेवटचं वाक्य राहिलं की." ते म्हणाले, "न्हाय ऱ्हायलं." ते पुस्तक त्यांनी चहावाल्याला भजी बांधायला दिलं. वर, "भज्यांना डाग लागू दिऊ नका," असंही सांगितलं.

मला मात्र त्यांनी सोडलं नाही. एक पुस्तक ते माझ्यासाठी काढून ठेवायचे आणि आठवड्यातून एकदा माझ्या टेबलापर्यंत आणायचे. एका खलाशाची गोष्ट होती. मधलं पान काढून म्हणायचे, "शेजारी, यवढं आयका." मी म्हणायचो, "आबा, आमाला कुठला येळ." ते पुस्तक घेऊन परत जायचे, पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचे. या माणसाला कंटाळा म्हणून नव्हताच.

आणि मी याच सुमारास मालकांना भेटून आलो होतो. बारामतीला दुसऱ्या कामासाठी गेलो होतो, सहज वाकडी वाट करून त्यांच्याकडे चहा घेतला. म्हटलं, करार संपला की पाचवा गाळाही मलाच द्या, मधली भिंत पाडून दोन्ही एकत्र घेतो, कायमचं तुमचं डोकं शांत. मालक हो म्हणाले. यात मी काही चोरी केली नव्हती. कुणीही दुकानदार हेच करेल, असं मी एसटीत बसल्यावर स्वतःला दोन वेळा सांगितलं.

करार संपायला पंधरा दिवस राहिले तेव्हा मालकांचा निरोप आबांना आला, गाळा सोडा. आबा मफलर सावरत माझ्या दुकानात आले. मी पोत्यांचा हिशेब लावत होतो, तो लावतच राहिलो.

"शेजारी, मालक गाळा सोडा म्हंत्यात. काय कारन न्हाय सांगिटलं. म्या भाडं कदी चुकीवलं न्हाय." कुणापुढं हात पसरायची सवय नसलेला माणूस होता. "तुमचा शब्द ते मोडत न्हाईत म्हंत्यात. येकदा फोन लावून बघा की. आत्ता कुटं लोकं याय लागल्यात. आजून येक वरीस गावलं तर दुकान पायावर हुबं ऱ्हाईल."

मी फोन उचलला. नंबर दाबल्यासारखं केलं आणि फोन कानाला लावला. पलीकडे कुणीच नव्हतं. मी रस्त्याकडे बघत म्हटलं, "वाजतोय... उचलत न्हाईत."

तेवढ्यात माझ्या कानातच फोन वाजला. माझ्या पोरीने त्यात कोंबड्याची बांग लावून ठेवली होती. भर दुपारी, कानाला लावलेल्या फोनमध्ये कोंबडा आरवला. कुणी शेतकरी गिऱ्हाईक होता, औषध आलं का विचारत होता. मी घामाघूम झालो. आबांनी फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग नजर खाली माझ्या पोत्यांकडे वळवली.

"बगा, गिऱ्हाईक आलं," ते म्हणाले. "घ्या तेचं काम आदी. मालकाचं काय, कामात आसतील." आणि गेले.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी मात्र मी मालकांना फोन केला नाही. दुपारीही केला नाही. पंधरा दिवस होते, रोज करता आला असता.

गाळा सोडायच्या दिवशी पुस्तकं परत निळ्या क्रेटमध्ये गेली. क्रेट भरायला कितीतरी लोक आले होते, पिंपळीचे तात्यासुद्धा. आबा त्यांना ओरडत होते, "जड माल खाली! चिठ्ठ्या पडू दिऊ नका!" शेवटी ते माझ्याकडे आले आणि खलाशाचं पुस्तक टेबलावर ठेवलं. "वाचा. खराब निगालं तर परत आना. आटवडी बाजारात बसनार हाय म्या, भाजीवाल्यांच्या वळीला."

आणि खरोखरच ते बसले. वांगी, मेथी, त्याच्या पलीकडे पुस्तकांचे सहा क्रेट, आणि मधे आबा. आज या गावचा बाजार, उद्या त्या. लोक एका पिशवीत कोथिंबीर आणि पुस्तक घेऊन घरी जायचे. ऊन लागायचं, वाऱ्याने चिठ्ठ्या उडायच्या, पाऊस आला की सगळं ताडपत्रीखाली ढकलावं लागायचं. निम्मी पुस्तकं ओलीनं फुगली. ऐकून मला बरं वाटलं नाही.

मधली भिंत पाडली. माझं दुकान दुप्पट झालं, गिऱ्हाईक सरळ चालत आत येऊ लागलं. फळीवरचा खडू मात्र मी पुसला नव्हता. 'खराब निघाल्यास परत' याच्या खाली युरियाची पोती रचलेली होती, आणि दिवसातून चारदा ते वाक्य माझ्या नजरेला पडायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्याच पोत्यांवर बसून खलाशाचं पुस्तक उघडायचो. सवयीने मधूनच उघडायचो. मग मागे जायचो, पुढे जायचो. मला त्यात खोट हवी होती, म्हणजे परत द्यायच्या निमित्ताने आबांपुढे जाता आलं असतं. एक डाग सापडला असता तरी चाललं असतं. दोनदा वाचलं. सापडला नाही. समुद्र मी बघितलेलाच नाही, त्यातलं मला काय कळणार?

शेवटी एका दुपारी मी बिलबुकातला एक कागद फाडला, तीन ओळी लिहिल्या आणि पुस्तकात घातल्या. बाजाराच्या दिवशी दुकान बंद करून गेलो. आबा मेथीवालीशी काहीतरी बोलत होते. आणखी वाळले होते, मफलर तोच.

"या शेजारी! माल खराब निगाला?"

"व्हय."

"कुटं?"

मी चिठ्ठी काढून दिली. त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरली. मी लिहिलं होतं: 'गाळा मीच मागितला होता. त्या दिवशी फोन लावलाच नव्हता. नंतरही लावला नाही.'

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. शेजारच्या मेथीवालीने एक गिऱ्हाईक केलं, पैसे घेतले, सुटे दिले, तरी ते वाचतच होते. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं.

"फोनचं म्या तवाच वाचलं हुतं," ते म्हणाले. "गाळ्याचं नवं हाय."

डोळ्यांत पाणी आलं, ते भर बाजारात कुठे लपवणार? एवढंच म्हटलं, "आबा, गाळा रिकामा करून देतो. भिंत परत घालतो. तुमी या."

"ते बगू मागनं." त्यांनी चिठ्ठीची घडी केली नाही. "ही चिठ्ठी पुस्तकातच ऱ्हानार बरं का. नेम म्हंजे नेम. ज्यो घिईल त्यो वाचंल."

"राहू द्या," मी म्हटलं.

मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. मला ते पुस्तक आठवलं, भजी बांधायला दिलेलं. पेन्सिल कागदावर टेकली आणि तशीच थांबली. मेथीवालीने मध्येच काहीतरी विचारलं, त्यांनी हाताने तिला थांब म्हणून खुणावलं. ते विचार करत होते, अगदी तसाच, पान एकशे अठराच्या वेळी केला होता तसा. पन्नाशीचा बाप्या मी, पण निकालाला उभ्या असलेल्या पोरासारखा पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होतो.

त्यांनी लिहिलं, चिठ्ठी पुस्तकात घातली आणि पुस्तक क्रेटमध्ये खोचलं. वरच्या थरात नाही, मधे. ते लिहीत होते तेव्हाच मी उलट्या बाजूने वाचलं होतं. वाक्य नेहमीचंच होतं.

बाकी माल चांगला.